एक लांब, दोन आखूड

संगणक बिघडला म्हणजे नेमकं काय झालं, असं विचारलं तर दहातली नऊ माणसं सांगतात, "स्क्रीनवर काही येत नाही." हे उत्तर बरोबर आहे आणि अपुरंही आहे. स्क्रीन म्हणजे संगणक नव्हे. डोळे मिटून पडलेला माणूस झोपलेला असेल, बेशुद्ध असेल किंवा नुसता रुसलेला असेल. यातलं काय खरं ते कळण्यासाठी त्याला हाक मारावी लागते आणि ओ देतोय का ते ऐकावं लागतं. संगणकाची ही 'ओ' म्हणजे बीप. पडदा काळा असताना पेटीच्या आतून येणाऱ्या त्या पिंक-पिंक आवाजाला मोठा इतिहास आहे. गेल्या वर्षी एका घरगुती कामाच्या निमित्ताने मी त्यात शिरलो आणि बरेच दिवस आतच रमलो. तेच आज लिहितोय. संगणकाच्या पोटात ज्यांना रस नाही त्यांनीही शेवटपर्यंत वाचावं ही विनंती, कारण शेवटी नातेवाईक मंडळींसाठी एक काम आहे. :)

सुरुवात १९८१ पासून करू. त्या वर्षी १२ ऑगस्टला आयबीएमने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या छोट्या चमूने तो जेमतेम वर्षभरात उभा केला होता. आत इंटेलचा ८०८८ प्रोसेसर, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ, आणि मदरबोर्डवर पाच स्लॉट. आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचं काय, तर त्या मदरबोर्डवर चित्र काढणारा एकही भाग नव्हता. त्याआधीच्या ॲपल-२ सारख्या यंत्रांत (१९७७) पडद्याचं काम मुख्य बोर्डच करत असे. आयबीएमने ते काम वेगळ्या कार्डावर ढकललं. कार्डं दोन प्रकारची होती. पहिलं एमडीए: फक्त अक्षरं, ८० रकाने आणि २५ ओळी, हिरवट पडदा, ४ किलोबाइट मेमरी. दुसरं सीजीए: १६ किलोबाइट मेमरी आणि ३२० बाय २०० ठिपक्यांत चार रंग. पत्रं आणि हिशेब करायचे असतील तर पहिलं घ्या, रंग हवे असतील तर दुसरं. गंमत म्हणजे त्या पहिल्या कार्डावरच प्रिंटरचं पोर्टही होतं. कचेरीतल्या माणसाला अक्षरं दिसली की ती छापायचीही असतातच, असा सरळ हिशेब.

ही सोय मोठी होती. पडद्याचं तंत्र सुधारलं की आख्खं यंत्र फेकायला नको, कार्ड बदललं की झालं. पुढची चाळीस वर्षं ग्राफिक्स कार्डांनी जी काही झेप घेतली तिचं मूळ या निर्णयात आहे. पण प्रत्येक सोयीच्या पोटात एक अडचण असते. कार्ड वेगळं झालं म्हणजे ते सैल बसू शकतं, चुकीचं बसू शकतं, मरू शकतं किंवा मुळात नसूही शकतं. मग बाकी यंत्र ठणठणीत असूनही त्याला बोलायला तोंड उरत नाही. पडदाच नसेल तर "पडदा नाही" हे सांगणार कशावर?

आयबीएमच्या लोकांनी याचा विचार केला होता. यंत्र चालू होताच बायॉस नावाचा छोटासा प्रोग्राम स्वतःची झडती घेतो, तिला 'पोस्ट' म्हणतात. (आपलं टपाल नव्हे, 'पॉवर-ऑन सेल्फ टेस्ट'.) मदरबोर्डवरची बारकी बटणं बघून कोणतं कार्ड असायला हवं हे बायॉस ठरवी. मग त्या कार्डाच्या मेमरीत काहीतरी लिहून ते परत वाचून बघे, आणि पडद्याला जाणारे इशारे ठरल्या तालात हलताहेत ना तेही तपासे. सगळं जमलं तर एक आखूड बीप. कार्डाने दगा दिला तर एक लांब आणि दोन आखूड. मदरबोर्डच दोषी असेल तर एक लांब, एक आखूड. आवाज काढायला एक साधा स्पीकर. त्याला ना कार्ड लागतं ना स्लॉट, म्हणून सगळ्यात शेवटपर्यंत तोच टिकतो. हे सगळं गुपित नव्हतं. आयबीएमने बायॉसचा संपूर्ण प्रोग्राम तांत्रिक पुस्तकात छापून टाकला होता.

इथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवायची. बायॉस कार्ड तपासू शकत होता, मॉनिटर नव्हे. कार्डाकडून मॉनिटरकडे जाणारी वाट तेव्हा एकेरी होती. म्हणजे मॉनिटरची वायर निघाली असेल तर यंत्र आनंदाने एक आखूड बीप देऊन कामाला लागे आणि पडदा मात्र काळाच राही. आजही कुणी पडदा काळा असल्याचं सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, "आवाज कसला येतोय?" आणि दुसरा, "मॉनिटरची वायर घट्ट आहे का?" दुसऱ्या प्रश्नावर बऱ्याच जणांचा फोन मध्येच बंद होतो. दहा मिनिटांनी नुसता "झालं" असा मेसेज येतो.

आता थोडं विषयांतर, पण आपल्या जिव्हाळ्याचं. १९८२ साली हर्क्युलिस नावाचं एक कार्ड आलं. आयबीएमच्या हिरव्या पडद्यावर ते तितकीच स्वच्छ अक्षरं दाखवी आणि शिवाय ७२० बाय ३४८ ठिपक्यांत चित्रंही काढी. ते बनवणारे व्हॅन सुवन्नुकुल हे मूळचे थायलंडचे. त्यांना आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता, आणि आयबीएमच्या अक्षरांच्या कार्डाला थाई येत नव्हतं. म्हणून त्यांनी स्वतःच कार्ड बनवलं! एका माणसाला आपल्या लिपीत लिहायचं होतं, त्यातून जगभर खपलेलं कार्ड निघालं.

आपल्याकडेही काहीसं असंच झालं. आयआयटी कानपूरला भारतीय लिपींवर काम सुरू झालं होतं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाल्यावर ते तिथे वाढलं आणि त्यातून 'जिस्ट' कार्ड आलं. डॉस चालणाऱ्या संगणकाच्या स्लॉटमध्ये ते बसवलं की ज्या पडद्यावर फक्त इंग्रजी अक्षरं उमटत, त्याच पडद्यावर देवनागरी उमटू लागे. आज फोनवर अंगठ्याने मराठी टंकणाऱ्या मंडळींना हे खरं वाटणार नाही, पण एके काळी देवनागरी ही स्लॉटमध्ये खोचायची वस्तू होती.

असो. परत बीपकडे.

आयबीएमने बायॉस छापला खरा, पण त्याची नक्कल करायला कायद्याने बंदी होती. कॉम्पॅकने १९८२ मध्ये यावर युक्ती काढली. एका गटाने मूळ बायॉस वाचून तो काय काय करतो ते फक्त लिहून काढायचं, आणि ज्यांनी तो कधी पाहिलाच नाही अशा दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा लिहायचा. पुढे १९८४ मध्ये फिनिक्सने असाच बायॉस तयार करून ज्याला हवा त्याला विकायला सुरुवात केली. अवॉर्ड नावाची कंपनी आली. १९८५ मध्ये सुब्रमण्यन शंकर आणि पॅट शर्मा यांनी अमेरिकेत सुरू केलेली अमेरिकन मेगाट्रेंड्स म्हणजे 'एएमआय' आली. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, तसं बीपचं झालं. एएमआयच्या बोलीत आठ आखूड बीप म्हणजे पडद्याच्या कार्डाची मेमरी गडबडली. फिनिक्स चार आकड्यांत बोले, मधे मधे थांबून, तारायंत्रासारखं. अवॉर्डने मात्र आयबीएमचं जुनं वळण सोडलं नाही. एक लांब, दोन आखूड म्हणजे ग्राफिक्स कार्ड, हे १९८१ चं व्याकरण त्यांच्याकडे पुढेही चालू राहिलं.

कार्डंही बदलत होती. १९८४ च्या ईजीए कार्डावर स्वतःचा छोटा बायॉस आला. तेव्हापासून मदरबोर्डच्या बायॉसला प्रत्येक कार्डाची भाषा यायची गरज उरली नाही. तो ठरावीक पत्त्यांवर जाऊन बघतो, तिथे '५५ एए' ही खूण सापडली की समजतो इथे कुणीतरी राहतं, आणि सूत्रं काही क्षण त्याच्या हाती देतो. जुने संगणक चालू करताना सगळ्यात आधी, अगदी मेमरी मोजायच्याही आधी, ग्राफिक्स कार्डाचं नाव पडद्यावर चमकून जायचं ते आठवतंय? ते यामुळे. तोंड उघडलं की आधी तोंडाचंच नाव.

मग १९८७ मध्ये व्हीजीए, त्यानंतर पीसीआय स्लॉट, १९९७ पासून फक्त ग्राफिक्ससाठीचा एजीपी स्लॉट, आणि २००४ पासून पीसीआय एक्स्प्रेस. एजीपीच्या काळात एक नवी भानगड सुरू झाली. पहिली कार्डं ३.३ व्होल्टवर चालत, पुढची १.५ व्होल्टवर. चुकीचं कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये जाऊ नये म्हणून दोन्हीकडे खाचा ठेवल्या होत्या. पण काही कार्डांवर त्या खाचा नीट नव्हत्या. जुनं कार्ड नव्या बोर्डात घुसलं तर कार्ड चालायचं नाहीच, वर मदरबोर्डही जळून जाऊ शकायचा. तेव्हा "दुसरं एखादं एजीपी कार्ड लावून बघू" हा सल्ला दिसतो तितका निरुपद्रवी नाही.

आता मी या फंदात का पडलो ते सांगतो.

आमच्या काकांनी २००३ मध्ये एक असेंबल केलेला संगणक घेतला होता. तो त्यांनी एकाच कामाला वापरला: आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत. आमचा छापील कुलवृत्तांत आहे, पण तो जुना. जुन्या कुलवृत्तांतांची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. मुलगा असेल तर त्याची सगळी शाखा, मुलगी असेल तर "कन्या २, विवाहित" एवढीच नोंद आणि वंशवृक्षाची फांदी तिथेच तोडलेली. काकांना हे खटकत असे. निवृत्तीनंतर त्यांनी घराण्यातल्या प्रत्येक मुलीचा माग काढायला घेतला. तिचं माहेरचं नाव, सासरचं नाव, शिक्षण, नोकरी, मुलं, नातवंडं. त्यासाठी शेकड्याने पत्रं लिहिली, नागपूर-इंदूर-बडोद्याला स्वतः जाऊन आले. अकरा वर्षं हे काम चाललं होतं. आलेल्या पत्रांतला मजकूर टंकून झाला की ते पत्र रद्दीत टाकत, कारण दोन खोल्यांच्या घरात जागा नव्हती. पुढे त्यांचे डोळे गेले, काम थांबलं, आणि दोन वर्षांपूर्वी काका गेले.

गेल्या वर्षी काकूने मला बोलावलं. "अरे, तो कॉम्प्युटर एकदा लावून बघ. दुकानातला मुलगा येऊन गेला. म्हणाला मेलाय, भंगारात द्या. पण मी बटण दाबलं की आतून आवाज येतो रे. मेलेला माणूस कधी हाक मारतो का?"

मी बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा, आणि आतून आवाज आला. एक लांब, दोन आखूड.

तुमच्यातले जाणकार लगेच म्हणतील, हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लाव, फाइली काढून घे, विषय संपला. ते मी आधी केलंच, आणि फाइली सगळ्या सुखरूप मिळाल्या. पण त्या युनिकोडच्या आधीच्या पद्धतीतल्या. काकांनी ज्या प्रोग्रामात काम केलं होतं त्याच्या स्वतःच्या फाइली, त्याचे स्वतःचे फॉण्ट. दुसऱ्या संगणकावर उघडल्या की नुसती चिन्हांची रांगोळी. आणि तो प्रोग्राम चालायला मागच्या प्रिंटर पोर्टला लावलेलं हार्डवेअर लॉक लागायचं. तसं पोर्टच माझ्याकडच्या एकाही संगणकाला नाही. म्हणजे वंशावळ हातात होती पण वाचता येत नव्हती. ती वाचणारं एकच यंत्र जगात होतं आणि ते काकूच्या घरात खाटेखाली बीप देत पडलं होतं.

बायॉस अवॉर्डचा होता, चिपवरच्या स्टिकरवर लिहिलेलं होतं. म्हणजे आवाजाचा अर्थ सरळ होता. पण बीप जे सांगतो ते डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं नसतं, ते पेशंटच्या तक्रारीसारखं असतं. "पोटात दुखतंय" म्हणजे दोष पोटातच आहे असं नाही. "कार्ड मिळत नाही" याचे अर्थ तीन निघतात: कार्ड नीट बसलेलं नाही, कार्ड मेलंय, किंवा स्लॉट मेलाय. एकेक करून नाती तोडत जायचं आणि दरवेळी आवाज ऐकायचा.

आधी वीज पूर्ण काढून कार्ड बाहेर काढलं, त्याची सोनेरी पट्टी साध्या खोडरबराने पुसली, स्लॉट ब्रशने झाडला, कार्ड घट्ट बसवलं. तोच आवाज. मग कार्ड मुळातच न लावता यंत्र चालू केलं. पुन्हा तोच आवाज. ही पायरी वाटते बिनकामाची, पण बरंच सांगून जाते. कार्ड असताना आणि नसताना बायॉस एकच बोलत असेल तर त्याच्या लेखी ते कार्ड अस्तित्वातच नाही. मग रॅम काढून चालू केलं, आणि आवाज बदलला. लांबलचक बीप एकामागून एक. मी खूश! काकूला कळेना की यात आनंद कसला. पण आवाज बदलला याचा अर्थ प्रोसेसर जिवंत आहे, बायॉस जिवंत आहे, आणि काय नाहीसं झालंय ते त्याला बरोबर कळतंय. दुकानातल्या मुलाचं 'मेलाय' तिथेच खोटं पडलं.

आता उरलं कार्ड की स्लॉट. एजीपीच्या व्होल्टेजची भानगड टाळायला मी तपकीर गल्लीत जाऊन पीसीआयचं जुनं ग्राफिक्स कार्ड शोधलं. चौथ्या दुकानात खोक्याच्या तळाशी मिळालं, साडेतीनशे रुपयांना. एजीपीचं कार्ड काढून हे पांढऱ्या स्लॉटमध्ये लावलं. एक आखूड बीप, आणि पडद्यावर आधी त्या कार्डाचं नाव, मग रॅमची मोजणी, मग बॅटरी संपल्याची तक्रार आणि "एफ-१ दाबा". बॅटरी केव्हाच संपली होती, पण ते सांगायला पडदा नव्हता. नवी बॅटरी घातली, तारीख भरली. मग एक्सपी उघडली आणि काकांनी ठेवलेला आळंदीचा फोटो आला. काकू काही बोलली नाही. चष्मा पुसत राहिली.

काढून ठेवलेलं कार्ड उजेडात धरलं तेव्हा रोग दिसला. पंख्याजवळच्या तीन कपॅसिटरांची डोकी फुगलेली, एकाच्या फुलीवर तपकिरी खपली. हा त्या काळचा साथीचा रोगच होता. १९९९ च्या सुमारापासून पुढची काही वर्षं बनलेल्या असंख्य मदरबोर्डांत आणि कार्डांत असे कपॅसिटर फुटले. पाण्याचा अंश जास्त असलेल्या इलेक्ट्रोलाइटात गंज रोखणारी द्रव्यं पुरेशी नव्हती, त्यामुळे आत हायड्रोजन वायू साठून डबी फुगायची. चोरलेला फॉर्म्युला अर्धवट निघाला, अशी हकिगत तेव्हा तांत्रिक नियतकालिकांत छापून आली होती. मोठ्या कंपन्यांनाही झळ बसली. २००५ मध्ये डेलने सदोष कपॅसिटरच्या दुरुस्तीपायी ३० कोटी डॉलरचा खर्च दाखवला होता. कपॅसिटरचं काम म्हणजे चिपला जाणारी वीज गुळगुळीत ठेवणं. तो गेला की कार्डाची चिप नीट जागीच होत नाही, आणि मग '५५ एए' विचारत आलेल्या बायॉसला दाराशी कुणी भेटत नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती अजून फिरते. ग्राफिक्स कार्ड मेलं की ते ओव्हनमध्ये भाजा, जिवंत होतं! हा उपाय २००८ नंतर फार गाजला. त्या वर्षी जुलैमध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की त्यांच्या काही लॅपटॉपच्या चिपांमध्ये पॅकेजच्या साहित्याचा दोष आहे, आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. त्याआधीच्या वर्षी मायक्रोसॉफ्टला एक्सबॉक्स ३६० च्या बिघाडांसाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला ठेवावी लागली होती. लोकांनी तर्क केला की युरोपच्या जुलै २००६ च्या नियमाने शिसं काढून टाकलं, त्यामुळे बोर्डाची कथली डाखणं तडकतात, आणि भट्टीत ती वितळून जुळतात. पण मूळ दुखणं बोर्डावर नव्हतं. ते चिपच्या पॅकेजच्या आत होतं. मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी २०२१ च्या माहितीपटात हेच सांगितलं. चिप तापते, निवते, तापते, निवते, आणि आतल्या सुईच्या टोकाएवढ्या जोडण्या तुटतात. भाजल्याने त्या काही दिवस चिकटतात, मग पुन्हा सुटतात. आणि आमच्यासारख्या कार्डाला तर भट्टी म्हणजे साक्षात मरण, फुगलेले कपॅसिटर तिथेच फुटले असते. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये जाणारा धूर वेगळाच. तेव्हा घरातल्या उत्साही तरुणांनी हा प्रयोग करू नये.

आमच्या कार्डाचे तीन कपॅसिटर गल्लीतल्याच एका कारागिराने बदलून दिले. तेवढेच मायक्रोफॅरड, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, आणि कॉम्प्युटरच्याच कामाचे, साधे नव्हेत. कार्ड परत एजीपीत लावलं. एक आखूड बीप. पीसीआयचं कार्ड खोक्यात घालून संगणकाजवळच ठेवलंय, गरज पडली तर.

पुढे काय? प्रोग्राम उघडला, लॉक ओळखलं गेलं, आणि ४१२ पानं दिसली. सगळी पीडीएफमध्ये काढली. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार शाबूत राहतात, म्हणून वाचता येतं. मग फॉण्ट बदलणारं साधन वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणला. त्यात रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी यांची पुष्कळ मोडतोड झालीय. 'र्‍हस्व-दीर्घ' पुणेकरी वादाला भरपूर खाद्य आहे. पण मजकूर आला. शेवटच्या पानावर काकांनी स्वतःच्या शाखेत त्यांच्या बहिणीची, म्हणजे आमच्या आत्याची, नोंद अर्धी टंकून सोडलीय. आत्याचं नाव, जन्मगाव, आणि मग "शिक्षण:" एवढंच. दोनटिंबाच्या पुढे काही नाही.

या सगळ्यात मला सारखं जाणवत राहिलं ते १९८१ च्या त्या माणसांचं. आपलं यंत्र कधीतरी कुणाच्यातरी घरात आंधळं होईल, तेव्हा समोरच्याला काहीतरी कळलं पाहिजे, म्हणून त्यांनी थोड्याशा बाइटांत एक लांब आणि दोन आखूड एवढं लिहून ठेवलं. बावीस वर्षांनी तैवान की चीनमध्ये बनलेल्या बोर्डावर तेच लिहिलेलं होतं, आणि त्यानंतर आणखी वीस वर्षांनी पुण्यात एका घरात ते ऐकलं गेलं. दुकानातल्या मुलाने पडदा पाहिला. काकूने आवाज ऐकला. तिला बायॉस म्हणजे काय ते माहीत नाही, पण ओ देणारं माणूस गेलेलं नसतं हे तिला माहीत होतं.

आता बोर्डावर स्पीकर बहुतेक देत नाहीत. त्याऐवजी बऱ्याच मदरबोर्डांवर चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट. जो पेटून राहील तिथे अडलं असं समजायचं. बायॉसची जागा युईएफआयने घेतली. त्यामुळे फार जुनं कार्ड नव्या बोर्डात लावलं तर कार्ड चांगलं असूनही पडदा काळा राहू शकतो, दोघांची भाषाच जुळत नाही. आणि वीज पुरवायला स्लॉट पुरेसा उरलेला नाही. पीसीआय एक्स्प्रेसचा स्लॉट ७५ वॅट देतो, वरच्या कार्डांना त्याच्या कितीतरी पट लागते. ती वेगळ्या वायरीने येते, आणि ती वायर जोडायला विसरलं की पुन्हा काळा पडदा. २०२२ मध्ये आलेल्या मोठ्या कार्डांचे नवे प्लग पूर्ण न बसल्यामुळे वितळल्याच्या तक्रारी आल्या आणि पुढच्या वर्षी त्या प्लगची रचना सुधारावी लागली. चाळीस वर्षांनी पहिला प्रश्न पुन्हा तोच: "नीट बसलंय का?"

तर घरातल्या मंडळींना माझं एवढंच सांगणं. पडदा काळा दिसला की भंगारवाल्याला हाक मारू नका. आवाज ऐका, दिवे बघा, वायरी दाबा, एकेक भाग काढून पुन्हा ऐका. दोन डिस्कांवर प्रत ठेवा. आणि जुन्या फॉण्टातलं काही घरात पडून असेल तर ते वाचणारं यंत्र चालू आहे तोवरच बाहेर काढा.

आता ते काम. ४१२ पानं शाखेप्रमाणे वेगळी करून मी प्रत्येक घरी पाठवतोय. मोडलेली जोडाक्षरं सुधारा, तारखा तपासा. मुख्य म्हणजे मुलींच्या नोंदी बघा. काकांनी २०१४ ला जिथे थांबवलं त्यापुढचं तुम्हालाच भरायचंय. आत्याच्या "शिक्षण:" पुढे काय लिहायचं ते मी तिलाच फोन करून विचारलं. ती म्हणाली, "सातवी. पण लिही की पहिली आले होते."

लिहिलंय.